संस्थेत बदल घडवताना: नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखाने, धंतोली-रामदासपेठेतली रुग्णालयं, गांधीबाग-इतवारीतल्या पेढ्या, पतसंस्था, शाळा. बदल व्यवस्थापनाचं काम करताना या सगळीकडून आमच्याकडे जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कोणताही प्रश्न थेट उघडून वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

1. बदल व्यवस्थापन म्हणजे नेमकं काय? सॉफ्टवेअर घेतलं, दोन दिवस ट्रेनिंग दिलं, एवढं पुरत नाही का?

पुरत नाही. सॉफ्टवेअर बसवणं हे तांत्रिक काम झालं. ते आल्यावर माणसांची रोजची कामाची रीत, जबाबदारी आणि आपसातले संबंध बदलतात. तो भाग सांभाळणं म्हणजे बदल व्यवस्थापन.

गोदामातला माणूस घ्या. माल आला की वहीत नोंद करायची, ही त्याची सवय. नव्या प्रणालीत त्याने बारकोड स्कॅन केला की त्याच क्षणी साठा हिशेब विभागाला दिसतो. स्कॅन करायला तो एका दुपारीत शिकतो. पण आजवर चलानापेक्षा दोन नग कमी आले तर तो पुरवठादाराच्या माणसाशी बोलून संध्याकाळपर्यंत निस्तरत असे. आता तफावत लगेच साहेबांच्या स्क्रीनवर जाते आणि जाब त्याला द्यावा लागतो. ट्रेनिंगमध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नसतो. मग आठवडाभरात "मशीन चालत नाही" अशा तक्रारी सुरू होतात आणि मशीन तर ठणठणीत असतं.

2. आमच्याकडे 40 माणसं आहेत. हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी नाही का?

40 माणसांच्या ठिकाणी एक माणूस अडला तरी काम अडतं, त्यामुळे तुम्हाला याची गरज जास्तच आहे. फक्त समित्या, सादरीकरणं आणि जाड फायली लागणार नाहीत. प्रश्न 5 मधली यादी आणि प्रश्न 6 मधलं बोलणं, एवढ्या दोन गोष्टी मालकाने स्वतः केल्या तरी बरंच साधतं.

3. लेविन, कॉटर, एडकार... यातलं कोणतं मॉडेल वापरावं?

तिन्हींचा उपयोग आहे, पण वेगवेगळ्या कामासाठी.

कर्ट लेविन यांनी 1947 मध्ये तीन टप्पे मांडले: जुनी घडी सैल करणं, बदलणं, नवी घडी पक्की करणं. स्वतः लेविन यांनी यावर फार थोडं लिहिलं. आज पाठ्यपुस्तकांत दिसतो तो पसारा नंतरच्या लोकांनी उभा केला. आम्हाला त्यांची दुसरी कल्पना जास्त कामाची वाटते. बदलाला पुढे ढकलणारे आणि मागे ओढणारे जोर एका कागदावर समोरासमोर लिहायचे आणि आधी मागे ओढणारे कमी करायचे. नुसता पुढचा जोर वाढवला तर ताण वाढतो आणि मागची ओढही वाढते. कडक परिपत्रकावर परिपत्रक काढणाऱ्या संस्थांमध्ये हेच होताना दिसतं.

जॉन कॉटर यांनी 1995 मध्ये मोठे बदल का फसतात यावर लेख लिहिला आणि त्यातून आठ पायऱ्या प्रसिद्ध झाल्या. निकड पटवणं, पुढाकार घेणारा गट उभा करणं, दिशा ठरवणं, ती सांगत राहणं, अडथळे काढणं, लवकर दिसणारे छोटे विजय मिळवणं, थांबू न देणं आणि शेवटी संस्थेच्या सवयीत मुरवणं. मोठ्या संस्थेला हा आराखडा बरा पडतो. त्यातला खड्डा पहिल्याच पायरीवर आहे: निकड नसताना निर्माण केलेली भीती. "हे केलं नाही तर कंपनी बंद पडेल" असं दर वर्षी सांगितलं की तिसऱ्या वर्षी कोणी मान वर करत नाही.

एडकार (पाच टप्प्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून ADKAR) एकेका माणसाकडे पाहतं: जाणीव, इच्छा, ज्ञान, क्षमता आणि टिकवण. अमुक माणूस नेमका कुठे अडलाय हे ओळखायला ते चांगलं. इच्छाच नसलेल्याला पुन्हा ट्रेनिंगला पाठवणं ही आम्ही पाहतो ती सर्वांत महागडी चूक.

मृत्युशय्येवरच्या रुग्णांशी बोलून एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या पाच अवस्थाही (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) हल्ली कर्मचाऱ्यांना चिकटवल्या जातात. ते टाळा. "तो सध्या रागाच्या अवस्थेत आहे" असं म्हटलं की त्याचं म्हणणं ऐकायची गरजच संपते.

4. 70 टक्के बदल फसतात असं प्रत्येक सेमिनारमध्ये सांगतात. खरं आहे का?

या आकड्याला भक्कम आधार नाही. मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी 1993 मध्ये कामाची पूर्ण फेररचना करणाऱ्या कंपन्यांबद्दल 50 ते 70 टक्के असा अंदाज दिला होता आणि तो शास्त्रीय नाही हेही तिथेच म्हटलं होतं. पुढे तो सगळ्याच बदलांना लागला. मार्क ह्यूज यांनी 2011 मध्ये या दाव्याची मुळं तपासली, तेव्हा विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. संचालकांना घाबरवायला हा आकडा वापरू नका. त्यापेक्षा तुमच्याच संस्थेतल्या मागच्या तीन बदलांचं काय झालं ते शोधा, ते जास्त शिकवेल.

5. लोक बदलाला विरोध का करतात? विशेषतः जुनी माणसं. त्यांना कसं पटवायचं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हा. आमचं मत स्पष्ट आहे: बहुतेक वेळा माणसाला बदल समजलेला असतो आणि त्यात आपलं काय जातंय हेही त्याला नीट कळलेलं असतं. कळलेलं नसतं ते वरच्यांना.

काय जातं? कधी सरळ पैसे जातात. नवी यंत्रणा आली की ओव्हरटाइम कमी होतो आणि त्या ओव्हरटाइमवर कोणाचा घराचा हप्ता चाललेला असतो. कधी मान जातो. 'भाऊंना विचारा' असं ज्यांच्याबद्दल सगळे म्हणत, त्यांच्या डोक्यातली माहिती आता संगणकात आली. कधी शिकण्याच्या काळातली शरम असते. पन्नाशीच्या फोरमनला काल डिप्लोमा करून आलेला पोरगा सगळ्यांसमोर शिकवतो, तेव्हा फोरमन "मले नाई जमत हे" म्हणून उठून जातो. त्याला एकट्याला, पाळी सुटल्यावर, बंद खोलीत शिकवलं असतं तर तो जमवून घेतो.

याचा जुना पुरावाही आहे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी 1948 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एका पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथे नगावर मजुरी होती, म्हणजे काम बदललं की हात बसेपर्यंत कमाई घसरणार. एका गटाला बदल नुसता कळवला, दुसऱ्याच्या प्रतिनिधींना ठरवण्यात घेतलं, तिसऱ्या प्रकारच्या गटांत सगळ्यांनाच घेतलं. नुसत्या कळवलेल्या गटातले 17 टक्के लोक पहिल्या 40 दिवसांत नोकरी सोडून गेले आणि उत्पादन सावरलं नाही. सगळे सहभागी होते तिथे उत्पादन लवकर सावरलं आणि आधीपेक्षा वर गेलं.

मात्र असाच प्रयोग नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात झाला, त्याचा निष्कर्ष 1960 मध्ये आला आणि उत्पादनात तसा फरक पडला नाही. तिथल्या कामगारांच्या हाती ठरवायला फारसं महत्त्वाचं काही दिलेलंच नव्हतं. आपल्याकडेही बैठक होते, सूचना मागवल्या जातात, चहा-समोसे होतात आणि निर्णय आठवडाभर आधीच छापून तयार असतो. लोकांना हे दाराबाहेर पडायच्या आत कळतं. त्यापेक्षा "हे ठरलंय, फक्त पाळ्यांची वाटणी तुम्ही ठरवा" असं सरळ सांगितलेलं परवडतं.

आम्ही प्रत्येक ठिकाणी एक साधी यादी करायला लावतो. बदलाचा फटका बसणारी प्रत्येक व्यक्ती किंवा गट, त्याचं काय जाणार, त्यातलं काय भरून देता येईल आणि काय देता येणार नाही. चौथा रकाना सर्वांत कठीण. जे भरून देता येत नाही ते तोंडावर मान्य करायचं. "तुमचा ओव्हरटाइम कमी होणार आहे, मला तो भरून देता येणार नाही" हे ऐकून माणूस चिडतो. पण पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

6. सुपरवायझर मीटिंगमध्ये "हो साहेब" म्हणतो आणि खाली काहीच हलत नाही. असं का?

कारण त्याच्यावर दोन्ही बाजूंनी भार आहे. वरून नवी पद्धत हवी असते आणि त्याच वेळी रोजचं उत्पादनही तेवढंच हवं असतं. संध्याकाळी फोन येतो तेव्हा विचारतात "आज किती निघालं?" नवी चेकलिस्ट भरली का, हे कोणी विचारत नाही. मग तो शहाण्यासारखं जुन्या पद्धतीने माल काढतो आणि चेकलिस्ट रात्री एका दमात भरून टाकतो.

उपाय सुपरवायझरला सुधारण्यात नाही, विचारणा बदलण्यात आहे. बदलाच्या पहिल्या काही आठवड्यांत उत्पादनाचं लक्ष्य लेखी कमी करा. लेखी, कारण तोंडी सवलत महिनाअखेर कोणाला आठवत नाही. कामगाराला बातमी कळायच्या आधी ती सुपरवायझरला कळली पाहिजे आणि प्रश्न विचारायला त्याला वेळ मिळाला पाहिजे. टपरीवर कामगारच त्याला "काहून भाऊ, आपली तिसरी पाळी बंद होऊन रायली का?" असं विचारतो आणि त्याला काहीच माहीत नसतं, तिथे त्याचा शब्द संपतो. नंतर त्याने बदलाच्या बाजूने काहीही सांगितलं तरी कोणी ऐकत नाही.

आणि ज्या सुपरवायझरने खरंच मनापासून राबवलं त्याचं कौतुक त्याच्या माणसांसमोर करा. नागपुरात नाव घेऊन केलेल्या कौतुकाची किंमत फार आहे.

7. दुकान वडिलांचं. मी बिलिंग संगणकावर आणलं, पण बाबा आणि मुनीमजी अजून वहीच धरून बसलेत. काय करू?

गांधीबाग-इतवारीतून हा प्रश्न नेमाने येतो. बाबांशी वाद घालण्याआधी वहीत काय आहे ते बघा. कोणत्या गिऱ्हाईकाला किती दिवस उधार द्यायचं, कोणाचा माल परत घ्यायचा, कोणाच्या घरी यंदा लग्न आहे म्हणून वसुली थांबवायची, हे त्या वहीच्या समासात असतं आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला जागा नसते. ती जागा तयार करा. उधारीची मुदत ठरवण्याचा अधिकार बाबांकडेच ठेवा आणि तो सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या नावाने दिसू द्या. मुनीमजींना नोंदणीचं काम देऊ नका, तपासणीचं द्या: रोज संध्याकाळी संगणकाचा रोजमेळ त्यांनी मिळवायचा. बाबा संगणकाला हात लावणार नाहीत कदाचित. तेवढं चालतं.

8. बदल वर्षातल्या कोणत्या महिन्यात सुरू करावा?

पुस्तकांत याचं उत्तर नसतं आणि इथे बरेच चांगले बदल फसतात. मार्चअखेर हिशेब विभाग मान वर काढत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, शाळांना सुट्ट्या, लग्नसराई, निम्मी माणसं गावाला. पोळा, तान्हा पोळा आणि मारबत, पुढे गणपती, मग दसरा. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो आणि तुमच्या अनेक सहकाऱ्यांसाठी तो वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो. त्या आठवड्यात 'गो-लाइव्ह', म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू करणं, ठेवणं म्हणजे आपली माणसं आपल्याला माहीत नाहीत असं जाहीर करणं.

साधारणपणे कारखान्यांना जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतचा काळ बरा. कळमन्याच्या शेतमाल बाजाराशी संबंधित व्यापाऱ्यांनी ऑक्टोबर ते डिसेंबर हात लावू नये, तेव्हा सोयाबीन, कापूस आणि संत्र्याचा आंबिया बहार एकामागोमाग येतो. रुग्णालयांनी पावसाळा आणि त्यानंतरचा डेंग्यूचा काळ टाळून फेब्रुवारी धरावा. शाळांनी सत्राच्या मध्ये काही सुरू करू नये.

9. आधी एका विभागात करून बघावं की सगळीकडे एकदम?

शक्य असेल तिथे एका विभागात. नागपूरला याचं घरचं उदाहरण आहे. 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी सूत कातण्याची रिंग फ्रेम ही तेव्हाची नवी यंत्रं आधी थोडी लावून पाहिली, पारखली आणि मग मिलमध्ये आणली. मोठमोठे ब्रिटिश गिरणीवाले तेव्हा त्याकडे वळलेले नव्हते.

पण छोट्या प्रयोगात एक फसगत असते. संस्था त्यासाठी आपला सर्वांत चांगला विभाग निवडते, सर्वांत उत्साही माणसं देते आणि मालक स्वतः रोज चक्कर मारतो. असा प्रयोग कुठेही यशस्वी होईल. दुसरा प्रयोग मुद्दाम त्रासदायक विभागात करा, जादा माणसं न देता. तिथे टिकला तर पुढे जा.

सगळीकडे एकदमच करावं लागतं अशा जागाही आहेत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा निम्म्या दुकानाने जुन्या कराने बिल फाडणं शक्य नव्हतं. रुग्णालयात औषधांच्या नोंदी दोन पद्धतींत विभागल्या तर रुग्णाच्या जिवाला धोका. अशा वेळी तयारीवर दुप्पट वेळ घाला आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक मजल्यावर मदतीला एक जाणकार माणूस उभा ठेवा.

10. जुनं रजिस्टर आणि नवी प्रणाली किती दिवस सोबत चालवायची?

बंद करायची तारीख आधी जाहीर करा, एवढं सर्वांत महत्त्वाचं. तारीख नसेल तर जुनं रजिस्टर खरं आणि संगणकातली नोंद औपचारिक, असं आपोआप ठरतं. हिशेबाच्या कामात एक पूर्ण महिनाअखेर दोन्हीकडे जुळली की थांबावं. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराचा माग राहणं बंधनकारक आहे. आधी वहीत आणि नंतर सवडीने मागच्या तारखांनी संगणकात, ही सवय लेखापरीक्षणात उघडी पडते.

11. नवी पद्धत न पाळणाऱ्याला दंड लावावा का?

सुरुवातीला नाही. आधी पद्धत पाळणं शक्य आहे का ते पाहा: स्कॅनर पुरेसे आहेत का, नेट चालतं का, फॉर्म भरायला दिलेला वेळ खरा आहे का. एम्प्रेस मिलमध्येही (प्रश्न 9) सुरुवातीला गैरहजेरी फार होती. जमशेटजींनी दंडापेक्षा बक्षिसं आणि सवलतींवर भर दिला आणि 1886 मध्ये पेन्शन फंडही सुरू केला. सुरक्षेचे नियम मात्र अपवाद. हेल्मेट, हार्नेस, दुरुस्तीच्या वेळी यंत्राला कुलूप लावणं, यात पहिल्या दिवसापासून सूट नको, आणि मालकालाही नको.

12. कारखान्यात युनियन आहे. पाळ्यांच्या वेळा बदलायच्या आहेत. नोटीस लावली की झालं का?

नाही. पगार, कामाचे तास, रजा, पाळ्या, नोकरकपात होऊ शकेल असं यांत्रिकीकरण अशा बाबतींत बदल करण्याआधी बाधित कामगारांना नोटीस देऊन 21 दिवस थांबावं लागतं. औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 9-अ मध्ये ही तरतूद होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये ती कलम 40 खाली आहे. युनियनशी रीतसर करार करून बदल केला तर या नोटिशीची गरज राहत नाही, म्हणून आधी बोलणी करणं फायद्याचंच. तुमच्या स्थायी आदेशांत (कारखान्याच्या नोकरीच्या लेखी नियमांत) पाळ्यांबद्दल काय लिहिलंय तेही काढून वाचा. प्रत्यक्ष पाऊल टाकण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवा.

आमचा अनुभव असा की 21 दिवस वाया जात नाहीत. प्रश्न 5 मधली यादी याच काळात खऱ्या अर्थाने भरते. पहाटेची पाळी एक तास आधी आणली तर कळमेश्वर किंवा उमरेडहून येणाऱ्याला गाडीच नाही, हे कार्यालयात बसून कोणाला सुचत नाही.

13. व्हॉट्सॲप ग्रुपवर परिपत्रक टाकलं, सगळ्यांनी अंगठा दाखवला. तरी "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणतात.

अंगठा म्हणजे मेसेज पोहोचला, एवढंच. परिपत्रक इंग्रजीत असेल तर तेही धरू नका. नागपूरच्या एकाच कारखान्यात मराठी, वऱ्हाडी, हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारी माणसं शेजारी काम करतात. ठेकेदाराच्या माणसांना तर कित्येकदा ग्रुपमध्येही घेतलेलं नसतं आणि बदल त्यांच्याही कामात येतो. पाळीच्या सुरुवातीला सुपरवायझरने पाच मिनिटं त्यांच्या भाषेत बोलावं. नंतर दोघातिघांना "उद्यापासून तुम्ही काय वेगळं करणार?" असं विचारावं. उत्तर आलं की समजलं.

14. काही माणसं कमी करावी लागणार आहेत. आधी सांगितलं तर चांगली माणसं पळतील. लपवावं का?

लपत नाही. सल्लागार येऊन मोजमाप करू लागला की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना अंदाज आलेला असतो. मग अफवा खऱ्या आकड्यापेक्षा मोठी होते आणि पळायचे ते आधी पळतात. काय ठरलंय, काय ठरलेलं नाही आणि कोणत्या तारखेला ठरेल, या तीन गोष्टी सांगा. "कोणालाही काढणार नाही" हे वाक्य पूर्ण खात्री असल्याशिवाय उच्चारू नका.

एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढं वेतन आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन, हे किमान कायद्याने देणं आहे. नव्या औद्योगिक संबंध संहितेत (प्रश्न 12) त्याशिवाय पुनर्कौशल्य निधीसाठी, म्हणजे कपात झालेल्यांना नवं काम शिकता यावं यासाठीच्या निधीसाठी, 15 दिवसांच्या वेतनाची तरतूद आहे. आणि उरलेल्या माणसांना विसरू नका. जाणाऱ्याला कसं वागवलं ते बघूनच ते इथे किती दिवस राहायचं ते ठरवतात.

15. दोन संस्था एकत्र येताहेत. काम एकसारखंच आहे, तरी रोज कुरबुरी. का?

काम एकसारखं असलं की नाव, जागा आणि खुर्ची हेच वादाचे विषय उरतात. 1 मे 2025 रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र झाल्या, तेव्हा नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक राहिलं आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. प्रत्येक विलीनीकरणात असे निर्णय घ्यावेच लागतात. ते लवकर घ्या, कारणासह सांगा आणि सगळे एकाच बाजूला झुकणार नाहीत हे पाहा. ज्येष्ठता यादी सर्वांत आधी, बाकी सगळं नंतर.

16. बदल रुजला हे कशावरून ओळखायचं?

किती जणांनी ट्रेनिंग घेतलं, किती लॉग-इन झाले, हे आकडे फसवे असतात. गडबडीच्या दिवशी जा. वीज गेली, गाडी उशिरा आली, दोघं रजेवर आहेत, अशा दिवशी लोक कोणत्या पद्धतीकडे वळतात ते पाहा. टेबलाखालून जुनी वही निघाली तर बदल अजून रुजलेला नाही. वही जप्त करू नका, ती का लागली ते विचारा.

17. सहा महिने झाले, काही जमत नाहीये. सोडून द्यावं का?

आधी दोन प्रश्न वेगळे करा. पद्धत चुकीची आहे, की पद्धत बरोबर आणि राबवणूक अपुरी? दुसरं असेल तर प्रश्न 6 आणि 10 पुन्हा पाहा, बहुधा अडचण तिथे सापडते. पहिलं असेल तर थांबवा, आणि गुपचूप नको. न सांगता सोडून दिलेला प्रत्येक बदल पुढच्याचं ओझं वाढवतो. मग "चार दिवस चालते साहेब, मंग बंद होते" असं कामगार म्हणतात, ते त्यांनी तसंच होताना पाहिलेलं असतं. सगळ्यांना बोलावून काय करू पाहिलं, काय जमलं नाही, काय मागे घेतोय आणि त्यातलं काय ठेवतोय ते सांगा. एकाच वेळी तीन-चार बदल चालू असतील, तर एकच चालू ठेवा आणि बाकीचे लांबणीवर टाका.

18. मी मधला अधिकारी आहे. वरून आलेला बदल मलाच चुकीचा वाटतो. खाली काय सांगू?

खाली सांगण्याआधी वर सांगा, लेखी, आकड्यांसह आणि एकदाच नीट. "हे जमणार नाही" असं लिहू नका. कोणत्या पाळीत, कोणत्या कामाला किती जास्त वेळ लागेल आणि त्यावर तुमचा पर्याय काय, ते लिहा. निर्णय बदलला नाही, तर माणसांसमोर नाटक करू नका आणि वरच्यांची निंदाही करू नका. "माझे आक्षेप मी मांडले होते, निर्णय असा झालाय, आपण तो नीट राबवून पाहू, अडचणी मी दर आठवड्याला वर पाठवीन" इतकं पुरे. मग खरोखर पाठवा. निर्णयाने कोणाच्या सुरक्षिततेला धोका असेल किंवा कायदा मोडत असेल, तर मात्र राबवायला लेखी नकार द्या आणि त्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा.